थंड हवामानातल्या कुरणात वर्षानुवर्षं टिकणारं द्विदल कोणतं?

प्रश्न: आमच्या कुरणात गवत छान येतं पण क्लोव्हर (चाऱ्याचं द्विदल) काही टिकत नाही. लाल क्लोव्हर पेरलं, दोन वर्षं भरपूर चारा दिला आणि तिसऱ्या वर्षी गायब, पांढरं लावलं तर एका कोरड्या उन्हाळ्यात निम्मं वाळून गेलं. दर दोन-तीन वर्षांनी जमीन मोडून परत पेरायचा खरंच कंटाळा आलाय. गायी-मेंढ्या चरल्या तरी टिकेल असं काही आहे का? वरचा भाग कोरडा आहे, खाली पाणी साचतं.

उत्तर १: लाल क्लोव्हरचं आयुष्यच तेवढं, तुमचं काही चुकलं नाही. पांढऱ्याचं सोटमूळ एक-दोन वर्षांत मरतं, मग सगळी भिस्त जमिनीवर सरपटणाऱ्या खोडांवर आणि त्यांची मुळं उथळ, म्हणून ओल कमी झाली की आधी तेच जातं. वरच्या भागात कॉकेशियन क्लोव्हर लावा. त्याची खोडं जमिनीच्या आत पसरतात, जनावराच्या दाताखुरांपासून लांब, त्यामुळे थंडी, दुष्काळ सगळं काढतं. फक्त पहिल्या वर्षी वर फारसं काही दिसत नाही, सगळा जोर मुळांत असतो, तेव्हा धीर सोडून नांगर घालू नका!

उत्तर २: सहमत, पण त्याला त्याचंच रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र धरणारे जिवाणू) लागतं, पांढऱ्या क्लोव्हरचं कल्चर चालत नाही. मी तीच चूक केली, रोपं पिवळी पडली, एक खणून पाहिलं तर मुळांवर एक गाठ नाही. दुसऱ्या वेळी योग्य कल्चर लावून पेरलं, मग गाठ नखाने फोडली तर आत मस्त गुलाबी, म्हणजे नत्र धरायचं काम चालू. आणि सोबत गवताचं बी अगदी विरळ टाका, नाहीतर ते याला दाबून टाकतं.

उत्तर ३: वर निचरा चांगला असेल आणि माती आम्ल नसेल तर लसूणघासही चालेल, पण सतत चराई अजिबात नको, चरून झालं की 5-6 आठवडे गुरं आत सोडायची नाहीत, तेवढ्यात मुळांत परत साठा होतो. उपाशी जनावर कोवळ्या लसूणघासात सोडू नका, पोटफुगीने बघता बघता जातं.

प्रश्नकर्ता: आणि खालच्या पाणथळ भागात?

उत्तर ३: तिथे बर्ड्सफूट ट्रेफॉइल, हेही चाऱ्याचं द्विदलच. ओल आणि थोडी आम्लता सहन करतं, त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे पोटफुगीही होत नाही. एकेक रोप फार वर्षं जगत नाही, म्हणून अधूनमधून एखादा हंगाम चराई थांबवून शेंगा पिकून फुटू द्या, पडलेल्या बियांतून नवी रोपं येत राहतात.