वाटणीत मित्रानं कुणाच्या बाजूनं उभं राहायचं?

चिंचनाका
पुण्यात स्थायिक झालेल्या आपल्या एका गाववाल्याची परवाची पोस्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. थोडक्यात अशी: चाळिशी उलटता उलटता घरात वाटणी निघाली, थोरल्या भावानं गुंडाळलं, आणि शाळेपासूनच्या मित्रांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. निष्कर्ष काय, तर छोट्या गावातली मैत्री नाक्यावरच्या चहापुरती असते, गाव सोडलं तेच बरं केलं. खाली अंगठ्यांचा पाऊस.

मी गावात राहिलेला. चिपळूणला हार्डवेअरचं दुकान आहे. माझ्याही वर्गमित्राच्या घरी हेच झालं. तो ठाण्याला, थोरला इथे. आईचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत सातबारे निघाले. मग मित्राचा फोन, "कोर्टात दावा लावलाय, साक्षीला ये. दादानं इतकी वर्षं बागेचं उत्पन्न एकट्यानं खाल्लं, एवढंच सांग."

मी नाही म्हटलं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली तेव्हा माझं दुकान माळ्यापर्यंत बुडालं. पाणी ओसरल्यावर सिमेंटच्या गोणींचे दगड झालेले, खिळे-स्क्रूच्या खोक्यांचा गाळात लगदा. तेव्हा फावडं घेऊन आधी आला तो हा थोरला. काही विचारलं नाही, नुसता उपसत राहिला. मित्रानं ठाण्याहून पैसे पाठवले होते, तेही मी विसरलेलो नाही. पण बागेचं उत्पन्न म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नाही. विकलेली पेटी मोजता येते. तुडतुड्यावरच्या फवारण्या, राखणदाराचा पगार, वानरांनी झोडपलेली कलमं कोण मोजतो? जे मी बघितलंय त्याच्या उलट साक्ष कशी देऊ?

कोथरूड_व्हाया_खेड
म्हणजे फावडं धरलं म्हणून सातबारा त्याचा? भावनिक लिहिलंय छान, पण हिशेब सरळ आहे. थोरल्याशी बिघडलं तर रोज तोंड बघायचं, वर तो गिऱ्हाईक. ठाण्याच्या मित्राशी बिघडलं तर गणपतीतले चार दिवस अवघड जातात. याला तटस्थपणा म्हणत नाहीत, सोय म्हणतात.

आणि खोटं बोल असं तो कुठे म्हणाला? उत्पन्न कुणाच्या हातात गेलं, एवढंच सांगायचं होतं. तेवढं खरं आहे ना?

चिंचनाका
आहे खरं. अर्धं. अर्ध्या खऱ्यावर कोर्टात शपथ घ्यायला मी मोकळा नाही.

हायवेग्रस्त
मूळ दुखणं कुणी बोलतच नाही. घरं फोडली ती मुंबई-गोवा हायवेनं. चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं, रस्ता वर्षानुवर्षं रखडला, पण मोबदला आला आणि सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची नावं जागी झाली. ज्यांनी कधी बांध बघितला नाही ते चुलते नालासोपाऱ्याहून आधारकार्ड घेऊन हजर. आमच्या घरात त्यानंतर गणपती दोन झाले, एकाच अंगणात, आरत्या एकमेकांवर चढवून. परशुराम घाटाबद्दल तर बोलायलाच नको.

कोथरूड_व्हाया_खेड
मग बोलू नका. विषय मैत्रीचा आहे.

माहेरवाशीण_गुहागर
विषय मैत्रीचा, आणि इतक्या वेळात दोन भाऊ, त्यांचे मित्र, चुलते, राखणदार, वानरंसुद्धा येऊन गेली. बहीण कुठाय?

आमच्याकडे बाबा गेल्यावर तेराव्यानंतर चौथ्या दिवशी भावानं रिक्षा बोलावली, "जरा सही आहे." दुय्यम निबंधकांच्या कचेरीत अंगठा, फोटो, सही. कागदावर लिहिलेलं, मी "स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय" हक्क सोडला. बाहेर वहिनीनं साडी दिली. मोरपिशी, काठ चांगले होते. पुढच्या गणपतीला फोनसुद्धा नाही.

आणि मैत्रीच म्हणाल, तर ज्या मैत्रिणीबरोबर मी दहावीपर्यंत एका बाकावर बसले, ती त्याच भावाची मेहुणी, म्हणजे माझ्या वहिनीची सख्खी बहीण. तिनं मला रस्त्यात टाळायला सुरुवात केली. पुरुष साक्षीला जायचं की नाही यावर धागे काढतात. आम्हाला कोण विचारतंय!

काजूबी
ताई, राग मानू नका, पण मग सासरच्या इस्टेटीत तुमच्या नणंदांनी किती घेतलं? तिथे तुम्ही गप्प, इथे हक्क. दोन्हीकडून घ्यायचं म्हणजे जरा जास्तच होतं. भाऊ आईबाबांचं दुखणंखुपणं काढतो, घर शाकारतो, देवधर्म करतो.

माहेरवाशीण_गुहागर
बाबांचं शेवटचं आजारपण कुणी काढलं हे न विचारता लिहिलंत. मी काढलं. डेरवणच्या हॉस्पिटलात खाटेजवळ मी होते, भाऊ रविवारी यायचा. आणि नणंदांचं म्हणाल, तर दोघींची नावं सातबाऱ्यावर आहेत, मीच नवऱ्याला लावायला सांगितली. अजून काही?

नियमावर_बोट
भांडण चालू दे, कायदा तेवढा नीट असू द्या. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाएवढा हक्क 1994 लाच आला, फक्त 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्यांना वगळलं होतं. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती लग्नाची भानगड गेली. वडील 9 सप्टेंबर 2005 ला हयात असायला हवेत की नको, यावर बरीच वर्षं घोळ होता, तो सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2020 मध्ये संपवला: नकोत, हक्क जन्मानं आहे. आणि वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत असेल, मृत्युपत्र नसेल, तर 1956 पासून मुलगी, मुलगा, बायको, वडिलांची आई सारख्याच वाट्याचे.

नोंदणीकृत हक्कसोड मात्र एकदा झाली की झाली. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करायला दमछाक होते. "सही आहे जरा" म्हटलं की आधी कागद घरी आणायचा, वाचायचा.

काजूबी
बरं, घ्या. कायदा तुमचा, डेरवणही तुमचं. आता प्रत्येक बहिणीनं वाटा मागितला तर पाच गुंठ्यांच्या घरभाटात काय, एकेक माड वाटायचा? कायदा दिल्लीत होतो, बांध इथे असतो.

माहेरवाशीण_गुहागर
तीन भावांत वाटताना माड कमी पडत नाहीत. चौथं नाव आलं की पडतात.

हायवेग्रस्त
हे मात्र खरं. आमच्या आत्यांची नावं मोबदल्याच्या यादीत निघाली तेव्हा घरात सुतक आल्यासारखं झालं होतं. आत्या जिवंत होत्या.

कोथरूड_व्हाया_खेड
काजूबी, माघार घेतलीत ती नीट घ्या की. "बरं, घ्या" काय?

काजूबी
तुम्ही कोथरूडमध्ये बसून शिकवू नका. तुमच्या खेडच्या घराला शेवटचं कुलूप कधी उघडलंत?

कोथरूड_व्हाया_खेड
मे महिन्यात. आणि ते उघडायला किल्ली मित्राकडेच होती, भावाकडे नव्हती. म्हणूनच बोलतोय. मी चाळीसचा झालो तेव्हा घरच्यांशी बोलणं वकिलामार्फत होतं, आणि त्या मित्रानं मला ओटीवर झोपायला जागा दिली, थोरल्याच्या नाकासमोर. त्याचंही दुकान आहे. त्याचंही गिऱ्हाईक तुटलं. चिंचनाका, असं करणारे असतात गावात.

चिंचनाका
असतात, नाही कुठे म्हटलं. ओटी मीही दिली असती. अजूनही देईन, गणपतीला त्यानं सरळ माझ्याकडे उतरावं. साक्ष वेगळी. तुमच्या मित्राला कुणी पिंजऱ्यात उभं केलं नव्हतं.

कोथरूड_व्हाया_खेड
हं. एवढं मान्य. पण हे मित्राला फोन करून सांगितलंत का, की इथे सगळ्या गावाला सांगताय?

चिंचनाका
तो फोन उचलत नाही.

माहेरवाशीण_गुहागर
चिंचनाका, एक विचारू? या दोघा भावांना बहीण आहे का?

चिंचनाका
आहे. सावर्ड्याला दिली.

माहेरवाशीण_गुहागर
दाव्यात तिचं नाव?

चिंचनाका
माहीत नाही. म्हणजे, ऐकलं नाही कधी.

नियमावर_बोट
नसेल तर आवश्यक पक्षकार वगळला म्हणून दावाच अडकेल. आणि असेल तर तीन वाटे. दोन्ही भावांच्या वकिलांनी हे सांगितलं असणारच.

माहेरवाशीण_गुहागर
तिच्या बाजूनं साक्षीला जाल?

चिंचनाका
दुकान उघडायची वेळ झाली. गाडी येतेय पत्र्यांची. रात्री लिहितो.

काजूबी
पळाले.