मदत हवी आहे: पंकमधलं राजकारण आणि दुखावलेला दादा

नमस्कार मंडळी. माझा दादा न्यू जर्सीत असतो. 'ग्रीन डे' हा अमेरिकन पंक रॉक बँड आम्ही दोघांनी एकत्रच ऐकायला सुरुवात केली, एकच इअरफोन, एक बाजू त्याच्या कानात, एक माझ्या. ३१ डिसेंबर २०२३ ला अमेरिकन टीव्हीवर त्यांचा गायक बिली जो आर्मस्ट्राँगने 'अमेरिकन इडियट' गाण्यात 'रेडनेक' (गावंढळ गोऱ्यांसाठीचा हिणकस शब्द) काढून तिथे 'मागा' (MAGA, ट्रम्प यांच्या 'मेक अमेरिका ग्रेट अगेन' घोषणेचं लघुरूप) म्हटलं, म्हणजे थेट ट्रम्प समर्थकांवरच बोट. तेव्हापासून दादा चिडलाय. "गाणी म्हणा, राजकारण कशाला?" म्हणतो. मार्च २०२५ मध्ये 'ग्रीन डे' मुंबईत महालक्ष्मीला वाजवून गेले, तेव्हा मी पाठवलेला व्हिडिओही त्याने उघडला नाही.

अहो, पण ते गाणं ज्यात आहे तो 'अमेरिकन इडियट' अल्बमच सप्टेंबर २००४ चा, इराक युद्ध आणि बुश यांच्या काळातला! तेव्हा आम्हाला इंग्रजी शब्द नीट कळत नव्हते, एवढंच. दुसरीकडे, दादाचे शेजारी, मित्र ट्रम्प समर्थक आहेत. आपल्याच आवडत्या गायकाने आपल्या माणसांना हिणवलं असं त्याला वाटतं, आणि ते दुःख मला खोटं वाटत नाही.

त्याला एकच बाजू झोडपणारी गाणी पाठवायची नाहीत. 'डेड केनेडीज' या पंक बँडने १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट (म्हणजे ट्रम्प-बुश यांच्या विरोधी पक्षाचे) गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनाच धारेवर धरलं होतं, तसं आणखी काय आहे? आणि घरात असा वाद कुणी न भांडता सोडवलाय का? दिवाळीत तो येतोय, त्याआधी सांगाल का?