नवरा-बायको मिळून माहितीपट: दिग्दर्शनाच्या पाटीवर नाव कुणाचं?

पूर्वभागी:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं नवरा-बायको सोलापूरच्या यंत्रमागांवर माहितीपट करतोय. तो लग्नाची शूटिंग घेतो, म्हणजे कॅमेरा घरचाच. मुलाखती आणि आवाज माझ्याकडे. माझं माहेर सोलापूरच्याच पूर्व भागातलं, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतलं, घरी तेलुगूच, त्यामुळे कामगार खुलतात ते माझ्याशी. पण कारखान्यात शिरलं की मालक हात मिळवणार याच्याशी आणि मला विचारणार, "वहिनी, चहा घेणार?"
आता ट्रेलर कापायला बसलोय आणि गाडी पाटीवर अडलीय. तो म्हणतो, दिग्दर्शनात दोघांची नावं टाकू. माझं म्हणणं, दिग्दर्शन माझं, छायांकन त्याचं. सासूबाईंच्या मते आम्ही वकील गाठायच्याच मार्गावर आहोत :)
जोडीने काम करणाऱ्यांनी सांगा. आणि माग चालू असताना बोलणं रेकॉर्ड कसं करायचं, तेही.

मागच्या रांगेतला:
दोन्ही तऱ्हा चालतात. दीपा धनराज दिग्दर्शक आणि त्यांचे पती नवरोज कॉन्ट्रॅक्टर कॅमेऱ्यावर, ही तुम्ही म्हणता तशी वाटणी. 'युगांतर' गटातून त्यांनी १९८१ मध्ये पुण्यातल्या मोलकरणींवर आणि पुढच्या वर्षी निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर फिल्म केली. उलट अंजली माँटेरो आणि के. पी. जयशंकर. दिग्दर्शनाला कायम दोघांचं नाव. त्यांचा २००१ चा 'साचा' मिळवून बघाच. नारायण सुर्वे, चित्रकार सुधीर पटवर्धन आणि गिरण्यांची मुंबई, तुमच्या विषयाचा सख्खा शेजारी. दोघंही टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवायचे, हेही ध्यानात ठेवा. माहितीपटावर घर चालत नाही, एक तरी पगार चालू राहू दे.

बूमवाली:
आमच्याकडेही कॅमेरा नवऱ्याचा, आवाज माझा. आधी आवाजाचं बोलते, ते जास्त महत्त्वाचं.
शेडमध्ये संवाद घ्यायच्या भानगडीत पडू नकोस. माग वेगळा रेकॉर्ड कर: आधी एकाच मागाला चिकटून, मग अख्खी शेड, मग बाहेर गल्लीतून ऐकू येतो तसा. वीज गेली की रेकॉर्डर बंद करायचा नाही. सगळे माग एकदम थांबतात आणि माणसं तरीही थोडा वेळ ओरडूनच बोलत राहतात. ते सोनं आहे.
मुलाखत घरी घे. पंखा बंद, फ्रीजही बंद, आणि गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेव. नाहीतर तुम्ही निघून जाल आणि त्या माउलीचं दूध नासेल. कॉलर माईक पदराला लावू नकोस, सरसर सरसर येते नुसती. ब्लाउजच्या काठाला आतून लावायचा. हे काम तुझा नवरा करू शकत नाही, आणि स्वयंपाकघराच्या आतही तुलाच घेतात. मालकाला सांग, चहा घेते, पण प्रश्नही मीच विचारते.
आता पाटी. शेडमध्ये तो कुठे उभा राहतो, कुणावर कॅमेरा धरून ठेवतो, हे तू सांगतेस का? बहुतेक नसशील, तेवढा वेळच नसतो. मग त्याचाही वाटा आहे बाई. पण काय ठेवायचं आणि काय काढायचं यात शेवटचा शब्द एकाचाच हवा. आमच्यात तो माझा, पाटीवर मात्र दोघं. हक्क निम्मेनिम्मे, आणि ते कागदावर, पैसे यायच्या आत. नवरा-बायकोत कसला कागद म्हणणाऱ्यांना घरात अर्धा तास एडिटिंगला बसवावं.

नीरक्षीर:
रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष या जोडप्याने 'रायटिंग विथ फायर'चं दिग्दर्शन आणि संकलन, दोन्ही मिळून केलं. 'खबर लहरिया' या बायकांनी चालवलेल्या बातमीपत्रावरची ही फिल्म. २०२२ ला ऑस्कर नामांकन. पण सोहळ्याच्या तोंडावर 'खबर लहरिया'नेच जाहीर म्हटलं की फिल्ममध्ये आमच्या कामाची अपुरी बाजू आलीय. तेव्हा पाटीचं काय ते करा, पण कच्चा कट कामगारांना दाखवा. मालकाच्या ऑफिसात नको, त्यांच्या गल्लीत.

पूर्वभागी:
बूमवालीताई, 'शेवटचा शब्द एकाचा' हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तो आत्ताही तुझाच असतो." म्हणजे दोघांची नावं टाकायला हरकत नाही बहुतेक. नीरक्षीर, गल्लीतच दाखवू, चादर पडदा म्हणून आहेच.
ताई, ब्लाउजच्या आत माईकला टेप कुठली? आमची घामाने सुटते.

बूमवाली:
मेडिकलमधली कागदी टेप घे, प्लास्टिकची नको. आणि वायरीला माईकजवळ एक छोटा वळसा देऊन तोही चिकटव, म्हणजे ओढ बसत नाही.