'तुझ्यात जीव रंगला' परत बघताना : शेत कुठं गेलं?

किटली

मी कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातली. घरात तीन म्हशी, दीड एकर ऊस आणि सासूबाई. त्यांना आम्ही आत्ती म्हणतो. मागल्याच्या मागल्या दिवाळीपासून आम्ही दोघी झी फाइव्हवर 'तुझ्यात जीव रंगला' पहिल्या भागापासून परत बघायलोय. रात्री जेवणं झाली की मोबाईल चटणीच्या डब्याला टेकवायचा आणि दोन भाग बघायचे, जास्त नाही.

मालिका ३ ऑक्टोबर २०१६ ला सुरू झाली आणि २ जानेवारी २०२१ ला संपली. बाराशेच्या वर भाग. तेव्हा सहाला धार, सातला दूध संस्था, साडेसातला मालिका, असं आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांचं बसलेलं होतं. संस्थेत रांग मोठी असली की मागनं आवाज यायचा, "आवरा लवकर, राणादा यायची वेळ झाली." राणादा म्हणजे मालिकेतला पैलवान हिरो. फॅट किती लागली ते न बघता पावती किटलीत टाकून पळत घरी यायचो.

मी "यायचो" लिहितो ते चुकून नाही. आमच्याकडं बायका असंच बोलतात. मी आलो, मी गेलो, मी जेवलो. डीएडला पुण्यात होतो तेव्हा वसतिगृहात पहिल्याच दिवशी "मी जेवलो" म्हटलं आणि खोलीतल्या पोरी पोट धरून हसल्या. दोन वर्षं मी तोंड आवरून बोललो. घरी फोन करतानासुद्धा आवाज बारीक करायचो, कुणी ऐकू नये म्हणून. त्यामुळं ही मालिका लागली तेव्हा माझ्या मनात काय झालं ते मलाच माहीत. तोवर टीव्हीवर हिरो पुस्तकातलं बोलायचा आणि गावाकडचं बोलायचा तो घरचा गडी, नाहीतर हसवायला आणलेला माणूस. इथं हिरोच आमच्यासारखा हेल काढून बोलायचा. पाठक बाई शाळेच्या शिक्षिका, त्या शुद्ध बोलायच्या, आणि तरी जीव लावायच्या ते राणादाला. राणादाचं "चालतंय की" पुण्यामुंबईची माणसंसुद्धा म्हणायला लागली. वसतिगृहातल्या त्याच पोरींपैकी एकीनं मला तेच लिहून मेसेज पाठवला, तेव्हा मी गोठ्यात उभा राहून रडलो.

म्हणून ही तक्रार परक्याची समजू नका.

परत बघताना आम्हा दोघींना एक गोष्ट खटकायला लागली. सुरुवातीच्या भागात रान आहे, तालीम आहे, शाळा आहे, पाणंद आहे. माणसं काम करताना दिसतात, हातात काहीतरी असतं. मग हळूहळू सगळं वाड्यात शिरतं. वहिनीसाहेबांचे, म्हणजे राणादाच्या भावजयीचे डाव, आडून ऐकणं, कुणाचं तरी नाव खराब करणं, राणादाचा मृत्यू, मग राजा राजगोंडा म्हणून परत येणं. आत्ती परवा म्हणाल्या, "ह्यास्नी वैरण कोण घालतंय गं?" मी हसलो, पण नंतर खरंच मोजायला लागलो. ओळीनं किती भाग बघितले, एकाही भागात कुणी रानात गेलं नाही.

आमच्या आयुष्यात नाट्य कमी आहे का? रात्रीची लाईट असली की दोन वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जावं लागतं. तोड येते म्हणतात आणि ऊस तोडणारी टोळी येत नाही, ऊस वाळत राहतो. पैऱ्यानं, म्हणजे आळीपाळीनं एकमेकींच्या रानात, भांगलायला जातो तेव्हा सरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जे बोलणं होतं, त्यात अख्ख्या गावाचं दुखणं असतं. हे कुणाला दाखवावंसं का वाटलं नसेल? तुम्हाला पण असं वाटलं होतं का, का आम्ही दोघीच जास्त बघायलोय?

तांबडी माती

ताई, मी शहरातल्या एका तालमीत आठ वर्षं होतो. तुमचं दुखणं तेच आमचं.

पहिल्या काही महिन्यांत लांग कसलेला हिरो बघून आमच्या वस्तादांनी टीव्हीसमोरची चटई पुढं ओढली होती. त्याआधी तालमीत मालिका बघायची म्हटलं तर शिव्या बसायच्या. लोकांना वाटतं पैलवान म्हणजे अंग आणि शड्डू. तसं नाही. तालमीत नव्या पोराला पहिल्यांदा फावडं देतात. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली माती रोज उकरायची, ढेकळं फोडायची, खडा बोटाला लागला तर बाहेर काढायचा. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घातलेलं असतं. पहाटे चारला उकरायला लागलं की जो वास येतो, तो मला आजही डोळे मिटून ओळखता येईल. महिना दोन महिने फक्त माती आणि जोर. त्यानंतर कुठं वस्ताद हात धरतात. ढाक, घिस्सा, एकलंगी ही डावांची नावं त्यानंतरची.

मला त्या मालिकेत हे बघायचं होतं. कुस्ती लागली की लगेच निकाल, आणि निकालाच्या मागं घरातलंच काहीतरी कारस्थान. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचं कुस्तीचं मैदान बांधलं, त्या गावच्या पैलवानाची गोष्ट आहे. हरलेला पैलवान मैदानातून तालमीपर्यंत कसा चालत येतो, वाटेत कुणी त्याच्याशी बोलत नाही, आणि आल्यावर वस्ताद फक्त "दूध पी" म्हणतात, एवढ्यावर एक आठवडा निघाला असता.

तरी एक सांगतो. मालिका चालू होती त्या काळात आमच्याकडं बारकी पोरं नावं घालायला आली होती. आईबाप सोबत घेऊन. ती टिकली किती हा भाग वेगळा, पण आली होती.

पडद्यामागचा

मी मालिकांच्या ध्वनिमुद्रणाचं काम बरीच वर्षं केलंय. या मालिकेवर नव्हतो, दुसऱ्या एका ग्रामीण मालिकेवर होतो, म्हणून आतलं थोडं सांगू शकतो.

आठवड्याला सहा भाग लागतात, प्रत्येकी साधारण बावीस मिनिटांचा मजकूर. म्हणजे रोज एक भाग हातावेगळा झालाच पाहिजे. वाड्यात दिवे एकदा लावले की दिवसभर तेच चालतात, पाऊस आला तरी काम थांबत नाही. रानात ऊन सरकतं. वारा माइकमध्ये शिरतो. पलीकडच्या शेतात ट्रॅक्टर सुरू झाला की थांबायचं, त्या माणसाला बंद कर म्हणायचा आपल्याला काय अधिकार? त्याचं पोट आहे त्यावर. दिवसभर रानात राबून निम्मा भागसुद्धा होत नाही. आणि तुमच्याकडचा पावसाळा म्हणजे जूनपासून चार महिने बाहेरचं काम देवाच्या भरवशावर.

एकदा उसाच्या फडात नायक-नायिकेचं भांडण लावलं होतं. निम्मं झालं, अंधार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या घेऊन गेलो तर फडच नाही. रात्रीत टोळी लागली होती. जमिनीलगतचे बुडखे आणि वाळलेला पाला, बस. शेतकरी बिचारा आम्हालाच समजावत होता, "साहेब, तोड आल्यावर नाही म्हणता येत नाही." उरलेलं भांडण आम्ही घरात, माजघराच्या दारात केलं. त्यानंतर लेखकाला निरोप गेला की शेतातले प्रसंग शक्यतो टाळा. कुणाच्या मनात गावाबद्दल आकस नव्हता. असं एकेक करून शेत कमी होत जातं.

दुसरी गोष्ट आकड्यांची. पूर्वी टीआरपीचे मीटर मुख्यतः शहरांत असायचे. २०१५ मध्ये बार्क या प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेची मोजणी सुरू झाली आणि ग्रामीण घरंही त्यात आली. २०१६-१७ मध्ये एकदम गावाकडच्या मालिकांची रांग लागली, त्यामागं माझ्या मते हे मोठं कारण आहे. पण तोच आकडा पुढं दर आठवड्याला समोर येतो. कारस्थानाच्या आठवड्यात तो चढला की पुढच्या आठवड्यात आणखी एक कारस्थान येतं. पैऱ्याच्या भांगलणीचा आकडा काय येईल, हे बघायची हिंमत कुणी करत नाही. ती करायला हवी होती, हे मलाही मनापासून वाटतं.

गडहिंग्लजची माहेरवाशीण

मला इथं वेगळं बोलायचंय, राग मानू नका.

वाड्यातलं राजकारण म्हणजे गाव नाही, असं तुम्ही सगळे धरून चाललाय. माझे वडील गेले, त्यानंतर बाराव्याच्या दिवशी, पंगत उठायच्या आत, भावांनी हक्कसोडपत्राचा, म्हणजे जमिनीतला आमचा वाटा लिहून सोडायचा विषय काढला. आम्ही तिघी बहिणी. थोरलीनं हातातलं ताट खाली ठेवलं आणि पदराला हात पुसत म्हणाली, "कुठं सही करायची?" कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढाच वाटा आहे, केंद्राचा कायदा २००५ चा आहे आणि महाराष्ट्रात तर १९९४ पासून. पण माहेर तुटेल या भीतीपुढं ते कागदावरच राहतं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आम्ही तिघी बाकावर बसलो होतो आणि वहिनी आमच्यासाठी चहा घेऊन आली. इतकी वर्षं झाली, त्या चहाची चव माझ्या तोंडातून जात नाही.

त्यामुळं नंदिता, म्हणजे वहिनीसाहेब, मला कधीच खोटी वाटली नाही. घरची सत्ता आणि इस्टेट हातात ठेवायला ती जे करायची, ते बघताना माझी आई पदर तोंडाला लावून बसायची. धनश्री काडगावकर यांनी ते काम असं केलं होतं की नुसत्या नजरेनं भीती वाटावी. पुढं माधुरी पवार आल्या, त्यांनीही चांगलं केलं, पण आईला पहिलीच वहिनीसाहेब खरी वाटत राहिली. शेत हे रानात असतं तसं सातबाऱ्यावरही असतं, आणि सातबाऱ्याची भांडणं घरातच होतात. माझी तक्रार एवढीच की मालिकेत वाईट बाई एकटी वाईट असते. आमच्या घरात वाईट असं कुणीच नव्हतं, आणि तरी आमचा वाटा गेला.

पाटणचा फौजी

'तुझ्यात जीव रंगला' मी सुट्टीत आलो की तुकड्यातुकड्यानं बघितली. आमची मालिका म्हणजे 'लागिरं झालं जी', मे २०१७ ते जून २०१९. तिथंही शेवटी शेवटी तेच झालं, पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. पोरगं फौजेत गेल्यावर मागं घरात जे उरतं, ते त्यांनी दाखवलं. त्यातली जिजी, हिरोची आजी, दारात बसून वाट बघायची ना, तशी माझी आजी बसायची, हुबेहूब. उंबऱ्याला पाठ लावून, एक गुडघा वर करून. जिजीचं काम करणाऱ्या कमलताई ठोके २०२० च्या नोव्हेंबरमध्ये गेल्या तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. मी तेव्हा लांब होतो, आईनं फोनवर सांगितलं आणि दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

किटलीताई, तुमच्या आत्तींना ती दाखवा.

किटली

सगळ्यांचं वाचून दाखवलं आत्तींना. तोड लागलेल्या फडाचं ऐकून म्हणाल्या, "वाडं तरी नेलं का न्हाई त्यांनी म्हशींस्नी?" वाडं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, म्हशींची वैरण. पडद्यामागचे दादा, एवढं मात्र सांगाच.

गडहिंग्लजच्या ताई, तुमचं वाचून मी बराच वेळ फोन उलटा ठेवून बसलो. माझ्याही दोन नणंदांच्या सह्या झाल्यात. मी नवीन आलेली होतो, चहा मीच केला होता. हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो. तुमचं बरोबर आहे, वाड्यात पण गाव आहे. पण मग तलाठ्याची चावडी दाखवायची होती, तो बाक दाखवायचा होता. कारस्थान दाखवलं आणि कागद दाखवला नाही.

वसगड्याला जिथं शूटिंग चालायचं तो वाडा आमच्यापासून लांब नाही. त्या वर्षांत पाहुणे आले की जोतिबा, रंकाळा आणि राणादाचा वाडा, असं ठरलेलं असायचं. मी तीनदा घेऊन गेलो माणसांना. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा गर्दीत एक म्हातारी भेटली, लांबनं एसटीनं आलेली. तिनं मला विचारलं, "पाठक बाई आत हायती का?" मी म्हटलं आज शूटिंग नाही. तर ती म्हणाली, "नसू देत, शाळंला गेल्या असतील." राणादा आणि पाठक बाईंचं काम करणारे हार्दीक जोशी आणि अक्षया देवधर यांचं २०२२ च्या डिसेंबरात खरोखर लग्न झालं तेव्हा मला पहिल्यांदा तीच आठवली.

आता आम्ही २०१९ च्या ऑगस्टच्या भागांवर आलोय. महापुरात आमच्याकडं आठवडाभर लाईट नव्हती, म्हशी सोडून वरच्या गावात नेल्या होत्या, त्यामुळं ते भाग तेव्हा बघायचे राहून गेले होते. आत्ती काल म्हणाल्या, हे सावकाश बघूया, रोज एकच.