मदत हवी आहे: द्वितीयक पुटिकेत द्वितीयक अंडपेशीच असते ना?

बारावीच्या पातळीचा अंडजननाचा तक्ता करायचा आहे. वरच्या ओळीत पुटिकेचे (अंडाशयात अंडपेशीभोवती असणाऱ्या पेशींच्या पिशवीचे) टप्पे, खालच्या ओळीत अंडपेशीचे. दोन्ही ओळी जुळवताना अडलंय:

१) द्वितीयक पुटिकेखाली द्वितीयक अंडपेशी दाखवायची ना?
२) जन्माच्या वेळी अंडपेशी 'थांबलेली' असते. तेव्हा ती २एन (गुणसूत्रांचे दोन संच) की एन (एकच संच)?
३) पुटिकेची वाढ १४ दिवसांची दाखवली तर चालेल का? नेहमीच्या आकृतीत पुटिका अंडाशयाच्या कडेने गोल फिरताना दिसतात, तसंच ठेवू का?

ऊतक:
१ चं उत्तर: नाही. हा नावांचा घोळ आहे. पुटिकेची नावं अंडपेशीभोवतीच्या थरांवरून पडली, अंडपेशीची विभाजनाच्या टप्प्यावरून. आदिम पुटिकेत चपट्या पेशींचा एकच थर. प्राथमिक पुटिकेत त्याच पेशी घनाकार होतात. द्वितीयक म्हणजे दोन किंवा जास्त थर. पुढे द्रवाने भरलेली पोकळी तयार होते आणि शेवटी सुमारे २० मिलिमीटरची, पूर्ण वाढलेली ग्राफ पुटिका. या सगळ्या काळात आत बसलेली असते ती प्राथमिक अंडपेशीच. ती फक्त वाढते, साधारण ३५ मायक्रोमीटरवरून १२० पर्यंत, आणि स्वतःभोवती झोना पेल्युसिडाचं आवरण तयार करते.

द्वितीयक अंडपेशी एलएच या संप्रेरकाची लाट (अचानक वाढ) आल्यानंतरच तयार होते. लाट सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांनी अंडमोचन (अंडपेशी पुटिकेतून बाहेर पडणं), म्हणजे तक्त्यात तिला उजव्या टोकाला अगदी अरुंद पट्टी द्या.

दोनएन_चारसी:
२ साठी गुणसूत्रं आणि डीएनए वेगवेगळे मोजा. थांबलेली पेशी पहिल्या अर्धसूत्री विभाजनाच्या पूर्वावस्थेत, डिप्लोटीन या उपटप्प्याला असते. गुणसूत्रं ४६, प्रत्येकाचे दोन क्रोमॅटिड (जोडलेल्या सारख्या प्रती). म्हणून २एन, पण डीएनए ४सी (१सी म्हणजे प्रती न झालेल्या एका संचाइतका डीएनए). पहिलं विभाजन संपलं की २३ गुणसूत्रं, एन आणि २सी. दुसरं विभाजन मध्यावस्थेत पुन्हा थांबतं आणि शुक्राणू आत आल्यावरच पुरं होतं. त्यामुळे शुक्राणूच्या आधी 'परिपक्व अंड, एन, १सी' असा वेगळा चौकोन काढला तर तो चुकीचा. मानवात तसा टप्पा नाहीच.

पहिला थांबा का टिकतो, हेही जमलं तर दाखवा. भोवतालच्या ग्रॅन्युलोसा पेशी सूक्ष्म जोडमार्गांतून सीजीएमपी हा संदेशवाहक रेणू आत पाठवत राहतात. त्यामुळे अंडपेशीतला सीएएमपी (विभाजन रोखणारा तसाच रेणू) तुटत नाही आणि विभाजन अडून राहतं. एलएचची लाट आली की सीजीएमपी घटतो, ब्रेक सुटतो. वाढ पूर्ण झालेली अंडपेशी पुटिकेतून बाहेर काढली तर एलएच नसतानाही विभाजन पुढे सरकतं, म्हणजे ब्रेक पुटिकेतच आहे. १९३५ मध्ये पिंकस आणि एन्झमान यांनी सशाच्या अंडपेशीत हे पाहिलं होतं.

हा थांबा कित्येक दशकं चालतो, आणि गोची तिथेच आहे. क्रोमॅटिडना बांधून ठेवणारं कोहेसिन हे प्रथिन वयाबरोबर कमी होतं, गुणसूत्रं नीट वेगळी होत नाहीत. २१व्या गुणसूत्राची ट्रायसोमी (दोनऐवजी तीन प्रती) बहुतेक वेळा आईकडच्या विभाजनातून, त्यातही जास्त करून पहिल्या, येते, त्यामागचं हे एक मोठं कारण.

ऊतक:
३: १४ दिवस हा फक्त शेवटचा, एफएसएच (पुटिका वाढवणारं संप्रेरक) वर अवलंबून असलेला टप्पा. काही थर झालेल्या पुटिकेपासून अंडमोचनापर्यंत सुमारे ८५ दिवस लागतात आणि आदिम अवस्थेपासून धरलं तर कित्येक महिने. सुरुवातीची वाढ एफएसएचशिवायही होते, तिथे संप्रेरकाचा बाण काढू नका. आणि पुटिका फिरत वगैरे नाहीत, जिथल्या तिथे वाढतात. गोल मांडणी ही चित्रकाराची सोय. ठेवायचीच असेल तर 'एकाच पुटिकेच्या वेगवेगळ्या वेळा' असं खाली लिहा.

अंडपेशींचे आकडे हवे असतील तर: गर्भाच्या २०व्या आठवड्याच्या सुमारास ६०–७० लाख, जन्माला १०–२० लाख, वयात येताना ३–४ लाख. अंडमोचन होतं जेमतेम ४००–५०० चं. बाकीच्या पुटिका वाटेतच क्षय पावतात, मासिक चक्र चालू असो वा नसो.

धागाकर्ती:
समजलं, द्वितीयक अंडपेशीची पट्टी शेवटी नेते. ध्रुवपिंड (विभाजनात बाजूला पडणाऱ्या छोट्या पेशी) दोन की तीन?

दोनएन_चारसी:
दोन. पहिला ध्रुवपिंड मानवात सहसा पुन्हा न विभागता नष्ट होतो. तिसरा काढायचाच तर तुटक रेषेने.