सोलापुरात नोकरी सांभाळून स्वतःचे मराठी कॉमिक: पुढचे पुस्तक केवढे घ्यावे आणि हक्क कसे राखावेत?

ग्राफवाला (सोलापूर)

सर्वांना नमस्कार. मी सोलापुरातील एका चादर-कारखान्यात डिझाइनचे काम करतो. जकार्ड मागावर विणायची नक्षी आधी ग्राफवर उतरवावी लागते. एकेका चौकोनावर एकेक धागा ठरतो, आणि एक चौकोन चुकला की ती चूक त्या नक्षीच्या प्रत्येक चादरीवर उमटत राहते. पूर्वी हे काम कागदावर होत असे, आता बहुतेक संगणकावर होते. चौदा वर्षांच्या या सवयीमुळेच असेल, पण रात्री जेवणे आटोपल्यावर नऊ ते साडेअकरा मी जे करतो तेही चौकटींचेच काम आहे. मी कॉमिक काढतो.

माझे पहिले कॉमिक २४ पानांचे, काळ्या-पांढऱ्या रेषेतले होते. माझी नानम्मा, म्हणजे वडिलांची आई, विड्या वळायची. तिच्या एका दिवसाची ती गोष्ट आहे. ती पूर्ण करायला सोळा महिने लागले. स्वखर्चाने २०० प्रती छापल्या आणि आजवर १३० गेल्या. काही ओळखीने, काही सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत एका मित्राच्या स्टॉलवर, तर काही टपालाने. छपाईचा खर्च भरून निघाला. वेळेचा मोबदला मिळाला नाही, पण पहिल्या पुस्तकाकडून मी तो मागितलाही नव्हता.

आता मे १९३० मध्ये सोलापुरात इंग्रज सरकारने लावलेला मार्शल लॉ (लष्करी कायदा) आणि पुढे फाशी गेलेले आपले चार हुतात्मे हा विषय मनात घर करून बसला आहे. माझ्या डोळ्यांसमोर १२० पानांचे एकसंध पुस्तक आहे. एका प्रकाशनसंस्थेने त्यात रस दाखवून कराराचा मसुदाही पाठवला, परंतु त्यात एकरकमी मानधनाच्या बदल्यात ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी’ देण्याचे कलम आहे. तीन वर्षांपूर्वी एका मासिकाने माझी आठ पानांची कथा माझे नाव न देता छापली आणि ठरलेले मानधनही दिले नाही, त्यामुळे सही करताना हात थबकतो. शिवाय भाषेचा प्रश्न आहे. आमच्या भागात एकाच वाक्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड येते. ते तसेच ठेवावे की प्रमाण मराठीत लिहावे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

शाईबोटे (पुणे, मूळ गाव बार्शी)

आपले पहिले कॉमिक मी पाहिलेले नाही, तरीही आपण दिलेल्या आकड्यांवरून एक गणित मांडतो. २४ पानांना १६ महिने लागले, म्हणजे महिन्याला दीड पान. या वेगाने १२० पानांना ८० महिने लागतील, अर्थात सहा वर्षे आणि आठ महिने. नोकरी, घर, आजारपण आणि लग्नसराई यांतले काहीही या हिशेबात धरलेले नाही.

हे मी आपल्याला नाउमेद करण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः ९० पानांचे पुस्तक हाती घेतले होते आणि ४१ व्या पानावर ते बाजूला ठेवावे लागले. कंटाळा हे त्याचे कारण नव्हते. तीन वर्षांत माझा हात बदलला होता. पहिल्या पानावरची नायिका आणि चाळिसाव्या पानावरची नायिका या दोन वेगळ्या बायका दिसू लागल्या, आणि पहिली पाने पुन्हा काढायला बसलो तेव्हा पुढची पाने थांबली. दीर्घ पुस्तक करणाऱ्याला हा धोका नेहमीच असतो, पण ज्याला दिवसाकाठी दोन-अडीच तासच मिळतात त्याला तो फार लवकर गाठतो.

म्हणून सुचवतो की संपूर्ण १२० पानांची फक्त काडेपेटीएवढी कच्ची रेखाटने आधी करावीत. एका रात्रीत तशी चार-पाच पाने सहज होतात, त्यामुळे महिना-दीड महिन्यात सगळे पुस्तक आपल्यासमोर उभे राहील आणि कथा कुठे स्वाभाविकपणे थांबते ते कळेल. त्या ठिकाणी तिचे भाग पाडावेत. पहिला भाग स्वतंत्रपणे वाचता येईल असा असावा, म्हणजे दुसरा लांबला तरी वाचकाची फसवणूक होणार नाही. लहान चौकटीत नियमितपणे भेटत राहण्याचे बळ मराठी वाचकाला ठाऊक आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून मोजक्या चौकटींतूनच घराघरांत पोहोचला.

दुसरीकडे, मोठे काम करूच नये असेही मी म्हणणार नाही. ओरिजित सेन यांनी नर्मदेच्या आंदोलनावर काढलेले ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ मध्ये ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरणवादी गटाने प्रसिद्ध केले. पुढे अनेक वर्षे ते पुस्तक दुकानांत मिळत नव्हते आणि २०२२ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. काम टिकते, मात्र त्यावर महिन्याचा किराणा अवलंबून ठेवता येत नाही. माझा किराणा पाठ्यपुस्तकांतील चित्रांवर आणि जाहिरातींच्या स्टोरीबोर्डवर चालतो. आपला ग्राफवर चालतो, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. नोकरी सोडण्याचा विचार आपण लिहिलेला नाही, तो मनातही आणू नये ही विनंती.

कलम एकोणीस (सोलापूर)

मी वकील आहे आणि चित्रकथांचा जुना वाचकही आहे. पूर्ण मसुदा पाहिल्याशिवाय अंतिम सल्ला देता येत नाही, परंतु कॉपीराइट कायदा, १९५७ मधील काही गोष्टी प्रत्येक चित्रकाराला माहीत असाव्यात.

आपण घरी, स्वतःच्या वेळेत काढलेल्या कॉमिकचे पहिले मालक आपणच आहात. कारखान्यासाठी नोकरीचा भाग म्हणून केलेल्या नक्षीचे तसे नसते. तिथे वेगळा करार नसेल तर हक्क साधारणपणे कारखान्याच्या मालकाकडे जातो. तेव्हा या दोन कामांच्या फाइली आणि शक्य तर संगणकही वेगळे ठेवावेत. हक्क मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, पण पुढे वाद झाला तर ती पुरावा म्हणून उपयोगी पडते.

हक्क दुसऱ्याला देणे म्हणजे अभिहस्तांकन. ते लेखी व सही केलेले असावे लागते आणि कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी व कोणत्या मोबदल्यात दिले, हे त्यात स्पष्ट असायला हवे. कलम १९ नुसार मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. घेतलेला हक्क घेणाऱ्याने एका वर्षात वापरला नाही, तर करारात वेगळे म्हटले नसल्यास तो संपुष्टात येतो. आपल्या मसुद्यात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द घातलेला आहे तो याचसाठी, कारण तो एक शब्द आपल्याला मिळणारे पाच वर्षांचे संरक्षण काढून घेतो. लेखकाच्या हयातीनंतर आणखी ६० वर्षे हक्क चालतो हे लक्षात घेतले, तर एका रकमेत आपण आपल्या नातवंडांच्या वाट्याचेही देऊन टाकत आहात.

माझ्या मते फक्त मराठी मुद्रित आवृत्तीचा हक्क पाच वर्षांसाठी आणि प्रतींच्या विक्रीवर टक्केवारीने द्यावा. अनुवाद, डिजिटल, चलच्चित्र आणि पात्रांवर आधारित वस्तू हे हक्क स्वतःकडे ठेवल्याचे नाव घेऊन लिहावे. संस्था याला तयार नसेल तर आदराने नकार द्यावा.

मासिकाने नाव गाळले, त्याबद्दल मनापासून वाईट वाटले. आपण हक्क दिले असोत वा नसोत, कर्ता म्हणून नाव मिळण्याचा अधिकार कलम ५७ नुसार आपल्याकडेच राहतो. मूळ पाने आणि पत्रव्यवहार जपून ठेवला असेल तर मला खासगी संदेश पाठवा.

ट्रेडलमास्तर (सोलापूर)

मी छपाईच्या धंद्यात आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो.

पानांची संख्या कथेवरून ठरवा, पण शेवटी ती चारच्या पटीत आणा, कारण मध्ये पिन मारायच्या पुस्तकात एका घडीची चार पाने होतात. ऑफसेटवर, म्हणजे प्लेट बनवून होणाऱ्या छपाईत, सोळा पानांचा फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पाने) सोयीचा पडतो, त्यामुळे ३२ पाने म्हणजे पूर्ण दोन फॉर्म होतात आणि कागद वाया जात नाही. मुखपृष्ठ वेगळे धरा. शंभर-दीडशे प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई परवडते. प्रती वाढत गेल्या की प्लेटचा खर्च वाटला जातो आणि ऑफसेट स्वस्त होते. रंगीत करायचे तर एका प्लेटऐवजी चार प्लेटा लागतात. आपली रेषा काळ्या-पांढऱ्यात बोलत असेल तर केवळ विक्रीच्या भीतीने रंग भरू नका.

रेषाचित्र ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. तीनशेला केसासारखी बारीक रेष तुटते. पुस्तक रंगीत झालेच तर अक्षरे फक्त काळ्या शाईत ठेवा. चारही शाया मिसळून काळा केला आणि कागद थोडा जरी सरकला, की अक्षराला लाल-निळी कड येते आणि वाचणाऱ्याचे डोळे दुखतात.

संवादांच्या फुग्यांबद्दल मला आवर्जून सांगायचे आहे, कारण चांगली चित्रे असलेली पाने मी तिथेच बिघडलेली पाहतो. देवनागरीला वर मात्रा आणि वेलांटी, खाली उकार आणि जोडाक्षरे असतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागते. इंग्रजी कॉमिक पाहून फुगा काढला की तो कमी पडतो, मग अक्षर बारीक केले जाते आणि ‘र्‍हा’ किंवा ‘ष्ट्र’ गिचमीड होते. आधी अक्षरे लिहा, नंतर त्यांच्याभोवती फुगा काढा. हाताने लिहिता येत असेल तर सर्वोत्तम. फाँट वापरायचा असेल तर ‘कलम’ हा हस्ताक्षरी वळणाचा युनिकोड फाँट मुक्त परवान्यावर मिळतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा खिचडा होतो आणि दोष मात्र छापखान्याला येतो.

पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, हवा असेल तर तो आपल्या देशात सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

फळा आणि खडू (सोलापूर जिल्हा)

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते आणि आपल्या १३० वाचकांपैकी एक आहे. विड्यांच्या कॉमिकमधील अकरावे पान मी वर्गात दाखवले होते. त्यात नानम्मा तेंदूच्या पानावर पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापते, आणि सहा चौकटींत तिचे फक्त हात दिसतात. शेवटच्या चौकटीत ती तेलुगूत मोजत असते. माझ्या वर्गातल्या चार मुलींनी ते आकडे मोठ्याने पूर्ण केले. एरवी वर्गात त्या घरची भाषा बोलत नाहीत. भाषेच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगले उत्तर नाही. शब्द देवनागरीत लिहा, तळटीप देऊ नका, अर्थ चित्रातून कळेल असे पाहा.

पुढच्या विषयाबद्दल मात्र काळजीपूर्वक सांगावेसे वाटते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. आज माझ्या विद्यार्थ्यांसाठी चार हुतात्मा चौक हे रिक्षावाल्याला सांगायचे ठिकाण झाले आहे. पुतळ्यांकडे बोट दाखवून नावे विचारली तर दोन नावांवर गाडी थांबते. म्हणून हे पुस्तक व्हायलाच हवे. परंतु ही खरी माणसे आहेत आणि त्यांच्या तोंडी आपण संवाद घालणार आहात. कोणते वाक्य कागदपत्रांतून घेतले आणि कोणते कल्पनेने लिहिले, हे पुस्तकाच्या शेवटी एका पानावर स्पष्ट सांगावे. शक्य असेल तिथे त्यांना बोलते न करता त्यांच्या भोवतीचे शहर बोलते करावे. गिरणीचा भोंगा, बंद दुकाने, कपाटात लपवलेली गांधी टोपी या गोष्टी आपल्या हाताला नक्कीच साधतील.

भाग पाडायचेच असतील तर चार माणसांचे चार भाग हा मोह टाळावा असे माझे मत आहे. ते चौघे वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या धर्मांतून आणि बोलींतून येऊन एका गोष्टीत एकत्र आले. त्यांना वेगळ्या पुस्तकांत ठेवले तर तेच हरवेल. कालक्रमाने भाग पाडा.

ग्राफवाला (सोलापूर)

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. गेले तीन आठवडे उत्तर दिले नाही, कारण शाईबोटे यांनी सांगितलेली काडेपेटीएवढी रेखाटने करत होतो. ६८ पाने झाली आहेत. कथा ३१ व्या पानावर आपोआप थांबली. संचारबंदीची पहिली रात्र आहे, गल्लीत कुणी नाही, आणि एक विणकर दिवा न लावता अंधारात तुटलेला धागा बोटांनी शोधून जोडतो आहे. एक पान अर्पणपत्रिकेला धरले की ट्रेडलमास्तरांचे दोन फॉर्म पूर्ण होतात, त्यामुळे पहिला भाग ३२ पानांचा करायचे ठरवले आहे. माझ्या वेगाने त्याला जवळजवळ दोन वर्षे लागतील, ते मान्य आहे.

चौघांचे चार भाग हीच माझी मूळ योजना होती, हे कबूल करतो. ‘फळा आणि खडू’ बाईंचे उत्तर वाचून ती त्याच रात्री बदलली. प्रकाशनसंस्थेला फक्त मराठी मुद्रित आवृत्ती, पाच वर्षे आणि टक्केवारी असे कळवले होते. त्यांनी नम्रपणे नकार दिला. पहिला भाग मी स्वतःच छापेन. मासिकाबाबतची कागदपत्रे कलम एकोणीस यांना पाठवली आहेत.

ट्रेडलमास्तर, एक विनंती आहे. अंधारातले ते पान जवळजवळ पूर्ण काळे आहे, मध्ये फक्त धागा आणि दोन बोटे पांढरी सुटतात. एवढी शाई साध्या मॅपलिथो कागदावर मागच्या बाजूला उतरेल का? येत्या रविवारी मूळ पान घेऊन येतो. दोन-तीन जाडीच्या कागदांवर चाचणी काढून मिळाली तर कृपा होईल.

ट्रेडलमास्तर (सोलापूर)

रविवारी अकरानंतर या. मूळ पान दुमडू नका, पुठ्ठ्यात घालून आणा.