मदत हवी आहे: जांभ्याच्या जुन्या घरात ओल, लोणा आणि वाळवी, पावसाआधी काय काय उरकावं?

खळं_अंगण

देवगड तालुक्यात खाडीजवळ आमचं जुनं घर आहे. भिंती जांभ्याच्या, मातीत रचलेल्या, दीड फूट जाड. वर मंगलोरी कौलं, पश्चिमेला पडवी. काही वर्षांपूर्वी भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला आणि माजघरातली सारवलेली जमीन काढून कोबा घालून टाइल्स बसवल्या. आता माजघराच्या भिंतीवर साडेतीन-चार फुटांपर्यंत ओल चढते. रंगाचे पोपडे निघतात, पांढरी पूड सुटते, ठोकलं की गिलावा पोकळ वाजतो.

पडवीच्या चार वाशांची टोकं मऊ झाली आहेत आणि एका खांबावर वाळवीची मातीची नळी चढली आहे. मागच्या भिंतीपासून १५ फुटांवर विहीर आहे, पिण्याचं पाणी तिचंच.

गवंडी म्हणतोय की गिलावा फोडून वॉटरप्रूफिंगचं केमिकल घालून पुन्हा सिमेंटच करूया. शिमगा झाला की काम सुरू करायचं आहे. सुतार आणि एक गवंडी मिळेल, बाकी काम घरचेच करू. आधी कशाला हात घालावा?

जांभाचिरा

पुन्हा सिमेंट अजिबात करू नका. जांभा सच्छिद्र दगड आहे, तो जमिनीतलं पाणी वर ओढतोच. पूर्वी ते पाणी मातीच्या सांध्यांतून, चुन्यातून आणि सारवलेल्या जमिनीतून हवेत उडून जायचं. आता खाली कोबा-टाइल्स आणि दोन्ही बाजूंनी सिमेंट, त्यामुळे पाण्याला बाहेर पडायला जागा मिळत नाही आणि ते वर चढत राहतं. पांढरी पूड म्हणजे लोणा. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे सुकतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि गिलावा ढकलून देतात. वरून कितीही महाग रंग लावला तरी हे थांबणार नाही.

सुरुवात भिंतीपासून न करता बाहेरच्या पाण्यापासून करा. पागोळ्या कुठे पडतात ते बघा. खळ्याला (पुढच्या अंगणाला) काँक्रीट केलं असेल तर पागोळीचं पाणी आपटून फूटभर वर भिंतीवर उडतं. पागोळीच्या रेषेखाली दोन फूट रुंद, फूटभर खोल चर काढा, तळाला ४० फुटांना एक फूट उतार द्या, तोंड घरापासून लांब काढा आणि चर खडीने भरा. खडीवर पडलेलं पाणी उडत नाही. बाहेरची जमीन जोत्याच्या माथ्यापासून निदान ६ ते ९ इंच खाली हवी. वर्षानुवर्षं माती चढून बहुतेक घरांची जोती अर्धी गाडली गेलेली असतात, ती माती आधी उपसा. खर्च फक्त मजुरीचा आणि खडीचा, आणि फरक सगळ्यात जास्त इथेच पडतो.

मग आतला पोकळ गिलावा ओलीच्या रेषेच्या वर दोन फुटांपर्यंत काढा. छिन्नी आडवी धरून हळू. हॅमर ड्रिल लावू नका, मातीचे सांधे सुटतात. दोन चिऱ्यांमधली (जांभ्याच्या ठोकळ्यांमधली) भुसभुशीत माती इंचभर खरवडा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा आणि पूड गोळा करून घराबाहेर टाका. पाण्याने धुतलीत तर तेच क्षार पुन्हा आत जातात.

आणि एवढं करून यंदा थांबा. नवा गिलावा दिवाळीनंतर करा. दीड फुटाची भिंत दोन महिन्यांत सुकत नाही, आणि चुन्याला घट्ट व्हायला जो वेळ लागतो तो मृगाआधी मिळणार नाही. पावसाळाभर आतली भिंत उघडी दिसली तरी चालेल. पश्चिमेकडचा बाहेरचा गिलावा मात्र आत्ता काढू नका. सांधे मातीचे आहेत, झडीने धुऊन जातील. त्या बाजूला नेहमीसारखी झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधा.

वासा_आणि_रीप

छपराचं काम मात्र पावसाआधीच करून घ्या. प्रत्येक वाशाचं टोक आणि तो भिंतीवर टेकतो ती जागा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त आत गेला तर तेवढं लाकूड गेलं असं धरा. अख्खा वासा बदलायची गरज क्वचितच पडते. कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा आणि त्याच मापाचा किंजळ किंवा ऐनाचा तुकडा बाजूने जोडा. चांगल्या लाकडावर तो निदान तीन फूट चढला पाहिजे. दर जोडाला १२ मिमीचे तीन बोल्ट, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर, आणि तिन्ही एका रेषेत न घेता वर-खाली, नाहीतर लाकूड चिरतं. बोल्ट हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड घ्या. साधं लोखंड खाडीच्या हवेत टिकत नाही, आणि गंज लाकडालाही खातो. कापण्याआधी वाशाखाली टेकू द्यायला विसरू नका.

कौलं उतरवताना दोन पाखींचं (दोन उतारांच्या छपराचं) घर असेल तर दोन्हीकडची थोडी थोडी उतरवा. एकच बाजू हलकी केली तर आढं सरकतं. कौलांवर पाय देऊ नका. वाशांवर आडवी फळी टाकून काम करा आणि कमरेला दोर असू द्या.

रिपांचं (कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर सुताराच्या सवयीवर सोडू नका. १२ कौलं जमिनीवर एकात एक अडकवून ओळीत मांडा. एकदा सगळी घट्ट सरकवून १० कौलांची लांबी मोजा, एकदा ताणून मोजा. दोन्हींची सरासरी काढून १० ने भागा, तेच रिपांचं अंतर. साधारण साडेबारा इंचांच्या आसपास येतं, पण कारखान्यागणिक बदलतं. म्हणूनच बदलीची कौलं त्याच छापाची शोधा. पाठीवरचा ठसा बघा. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढला, त्यानंतर इतरही अनेक निघाले आणि प्रत्येकाच्या खाचा निराळ्या. दोन छापांची कौलं एका ओळीत बसवलीत तर खाच नीट बसत नाही आणि झडीचं पाणी आत येतं. नाहीच मिळाली तर एक छाप एका पाखीला आणि दुसरा दुसऱ्या पाखीला, असं करा. १०० चौरस फुटांना साधारण १४० कौलं लागतात, फुटतूट धरून १५० आणा.

तिरफळ

वाळवीबद्दल. एरवी भिंत आणि जमिनीच्या सांध्यात फूट-फूट अंतरावर १२ मिमीची भोकं पाडून प्रत्येकात लिटरभर औषध सोडतात (इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, लिटर पाण्याला २.१ मिली). तुमच्याकडे ते नको. जांभ्याच्या जमिनीत पोकळ्या असतात, औषध त्यांतून कुठवर जाईल सांगता येत नाही, आणि पिण्याची विहीर १५ फुटांवर आहे.

त्याऐवजी लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड द्या. १० लिटर गरम पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक ॲसिड पूर्ण विरघळवा. लाकडावरचा जुना रंग, वॉर्निश खरवडून काढा, नाहीतर औषध आत जात नाही. ब्रशने तीन हात, आधीचा हात पूर्ण सुकायच्या आत पुढचा. कापलेल्या तोंडांना आणि बोल्टच्या भोकांना जास्त पाजा. हे पाण्याने धुऊन जातं, म्हणून छपराखालच्या लाकडालाच उपयोगी. पागोळीकडे उघड्या राहणाऱ्या टोकांना सुकल्यावर वरून तेल लावा. द्रावण विहिरीच्या बाजूला ओतू नका, मुलांपासून आणि गुरांपासून लांब ठेवा.

खांबाचं बूड जमिनीला टेकलेलं असेल तर ते कापून खाली दगड द्या, म्हणजे नळी निघाली तरी दगडावर उघडी दिसेल. दर महिन्याला बघायचं आणि मोडायची.

सागरतीर

भिंतीत भोकं पाडून सिलिकॉनचं इंजेक्शन देतात, त्याने ओल कायमची थांबते असं ऐकलंय. ते का नको?

जांभाचिरा

एकसारख्या विटेच्या भिंतीत त्याचा उपयोग होतो. जांभ्यात भोकाभोवती बोटभर पोकळ्या असतात आणि सांधे मातीचे. औषध पोकळीतून खाली निघून जातं आणि सलग थर तयारच होत नाही. मधे राहिलेल्या फटींतून पाणी वर येत राहतं. त्यापेक्षा माजघरात भिंतीलगतची एक ओळ टाइल्स काढून तो पट्टा चुना-खडीने भरा. जमिनीतली ओल तिथून उडेल आणि भिंतीवरचा भार कमी होईल.

खळं_अंगण

चर आणि छपराचं काम आधी घेतो. दिवाळीनंतरच्या गिलाव्याला सामान किती लागेल? भिंत २० फूट लांब, ६ फूट उंचीपर्यंत.

जांभाचिरा

प्रमाण: चुना १, सुरखी १, वाळू २. सुरखी म्हणजे कमी भाजलेल्या विटांची बारीक भुकटी. तिच्यामुळे आपल्या दमट हवेतही चुना धरतो. जास्त भाजलेल्या काळ्या विटांची भुकटी घेतलीत तर ती नुसती वाळूसारखी राहते. १२० चौरस फुटांना दोन थर मिळून २० मिमी जाडी आणि चिऱ्यांचे खड्डे धरून सुमारे ३ घनफूट चुना, ३ घनफूट सुरखी, ६ घनफूट वाळू. विरवलेल्या चुन्याची पावडर साधारण ६० किलो. ती निदान आदल्या दिवशी भिजवून लोण्यासारखी होऊ द्या, आठवडाभर भिजली तर आणखी चांगली. भट्टीचा कळीचा (न विरवलेला) चुना आणलात तर विरवताना उकळतो आणि उडतो. डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे हवेतच.

भिंत आधी भिजवून घ्या, पाणी वरून ओघळत नसावं. पहिला थर १२ मिमी, त्यावर ओरखडे. आठवड्याने दुसरा ८ मिमी. पहिले आठ दिवस दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा हलका फवारा आणि वर ओलं गोणपाट. ऊन आणि वारा लागू दिलात तर केसासारख्या भेगा पडतात. वर चुन्याचीच सफेदी द्या, डिस्टेंपर नको.

वाळू खाडीची असेल तर मूठभर वाळू ग्लासभर पावसाच्या पाण्यात ढवळा, गाळा आणि ते पाणी काळ्या ताटलीत उन्हात सुकवा. पांढरं कडं उरलं तर ती वाळू गोड्या पाण्यात तीन-चारदा धुऊन पुन्हा तपासा, किंवा नदीची मागवा.